एका दिवसात उघडलेलं नाल्याचं तोंड

आधी वास आला, मग मासे दिसले. रपट्यावर सायकल उभी केली आणि खाली पाहिलं, तर डोहाच्या कडेनं पांढऱ्या पोटांची ओळच्या ओळ लागली होती. बोटाएवढे, हाताएवढे, सगळे उताणे. झिंगे तर पाणी सोडून काठावर चढले होते आणि तिथेच मेले होते. गावातली चाळीस-पन्नास माणसं उभी होती, पण कोणी बोलत नव्हतं. गाव गप्प उभं असलं की सरकारी माणसानं समजावं, आपण यायच्या आधीच बोलणं होऊन गेलंय.

पोलीस पाटील दौलतराव पुढे आले.

"ओव्हरसेर साहेब, डोहात जहर टाकलं कोनं तरी."

"कोणी?"

"ते आमाले मालूम हाये. तुमालेबी मालूम हाये."

मला काही मालूम नव्हतं. पण ते असं म्हणाले आणि दोन मिनिटांत माझ्या डोक्यात एक नाव आलं. एकदा आलं ते आलंच, तिथून हलेना.

महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली होती. आमच्या हापिसाच्या पाटीवर मध्यप्रदेश खोडून मुंबई आणि मुंबई खोडून महाराष्ट्र असे रंगाचे थर चढले होते. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे इंजिनिअरच्या खालचा आणि मजुरांच्या वरचा माणूस. काम बरोबर झालं तर ते इंजिनिअरचं, चुकलं तर ओव्हरसियरचं. माझ्याकडे आज ज्याला झरी जामणी म्हणतात त्या भागातले रस्ते होते. जंगल, पहाड, मधूनमधून कापसाची शेतं, आणि खाली पैनगंगा.

मी स्वभावानं संशयी. खात्यानं त्याला धार लावली. गिट्टीचे ढीग मोजायला गेलो की मी आधी ढिगात काठी खुपसायचो, आत माती भरलेली आहे का बघायला. बहुतेक वेळा असायची. मुकादम म्हणाला वीस मजूर होते, की मी धरायचो पंधरा. माझा कोणावर विश्वास नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. या माणसाला कोणी फसवू शकत नाही, असं साहेब लोक म्हणायचे.

आता नाल्याचं सांगतो. तो पैनगंगेला जिथे मिळतो ते त्याचं तोंड. पावसाळ्यात नदी फुगून येते तेव्हा या तोंडावर रेती आणून टाकते. पूर ओसरला की तिथे रेतीचा बांध राहतो, कधी कमरेइतका, कधी छातीइतका. मग नाला अडतो. मागे पाणी तुंबतं, डोह फुगतो आणि फर्लांगभर मागचा आमचा रपटा बुडतो. रपटा म्हणजे ठेंगणा पूल. पुराचं पाणी वरून जावं असाच तो बांधलेला असतो, पण ते पाणी कधीतरी उतरायला तरी हवं. दिवाळीच्या सुमारास कापूस निघतो, गाड्या जिनिंगच्या रस्त्याला लागतात. रपटा पाण्याखाली असला तर त्यांना जंगलातून मोठा वळसा.

रपटा त्याच वर्षी नवा झाला होता. आमचे डेप्युटी साहेब, म्हणजे डेप्युटी इंजिनिअर, गुरुवारी जीपनं पाहणीला येणार होते. सोमवारी त्यांचा निरोप आला, जीप रपट्यावरून गेली पाहिजे. रपट्यावर तेव्हा गुडघाभर पाणी होतं.

मी लेव्हल लावली. लेव्हल म्हणजे उंची-खोली मोजायची दुर्बीण. बांधाची सगळ्यात सखल जागा शोधली आणि तिथून सरळ नदीत जाणारा चर आखला. त्याला आम्ही कट म्हणायचो. पुस्तकात असतो तसा होता, तळाशी रुंद, दोन्ही बाजूंना उतार. मंगळवारी सकाळी तांड्यावरचे मजूर आले. ही बंजाऱ्यांची माणसं, मातीकामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मी खुंट्या ठोकत होतो तेव्हा बांधावर एक कोलाम आदिवासी येऊन बसला. लेतू टेकाम त्याचं नाव. पलीकडच्या पोडात, म्हणजे कोलामांच्या वस्तीत राहायचा. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, बोलणं कमी.

"साहेब, एका दिवशी नका खोलू," तो म्हणाला.

"का?"

"एका दिवशी एक वीत खोला. काठाकून तिरपं खोला. पानी हयूहयू जाऊ द्या. आठ दिवस लागतीन."

"आणि एका दिवसात उघडलं तर?"

"मासोई मरन."

मुकादमानं मला बाजूला घेऊन सांगितलं की दर साली हे तोंड लेतू आणि पोडातले चार जण उघडतात. कोणी सांगत नाही, कोणी काही देत नाही. पाणी उतरायला लागलं की तोंडावर जाळी लावून मासे धरतात, तेवढंच. मला लगेच उलगडा झाला, निदान तसं वाटलं. एका दिवसाचं काम आठ दिवसांवर न्यायचं, म्हणजे मस्टरवर आठ हजेऱ्या. मस्टर म्हणजे मजुरांच्या हजेरीचा कागद. हा डाव मी इतक्या कामांवर पाहिला होता की लेतूच्या तोंडून आल्यावर मला हसूच आलं.

"आठ दिवस नाही, एक दिवस आहे. यायचं तर आजच्या हजेरीवर ये," मी म्हणालो.

"मी नाई येत जी," असं म्हणून तो उठला आणि गेला. हजेरी नाकारणारा मजूर मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला तेही खटकलं.

दुपार कलली तेव्हा चर नदीला भिडला. एकदा पाणी वाहायला लागल्यावर आम्हाला काही करावं लागलं नाही. त्यानंच रेती कापत वाट मोठी केली. मजूर काठावर उभे राहून बघत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. बुधवारी रपटा कोरडा पडला. गुरुवारी जीप त्याच्यावरून गेली, डेप्युटी साहेबांनी बसल्याबसल्याच "व्हेरी गुड" म्हटलं आणि ते कसब्याच्या डाक बंगल्यावर मुक्कामाला गेले. शुक्रवारी सकाळी मासे मेले.

म्हणून दौलतराव "तुमालेबी मालूम हाये" म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात लेतूचं नाव आलं. त्यानं आधी सांगितलं होतं. जे व्हायचं ते माणसाला आधी कसं कळतं? ज्याच्या हातात ते असतं त्यालाच कळतं. त्यातून त्याचं काम गेलं होतं, मासे गेले होते, आणि हजेरी नाकारून तो रागानं निघून गेला होता. माझ्या हिशेबात सगळं चपखल बसलं.

संशय मी एकट्या लेतूवर घेतला असंही नाही. त्याच आठवड्यात मलेरियाच्या फवारणीवाले गावात येऊन गेले होते आणि त्यांनी पंप नाल्यात विसळले होते. दुपारी ठाण्यातून जमादार आला तेव्हा मी त्याला हेही सांगितलं. हेड कॉन्स्टेबलला तिकडे जमादार म्हणतात. हा जाडजूड, मिशीवाला, घामानं निथळलेला होता.

"फवारनीवाल्यायचं सोडा," तो म्हणाला. "ते सरकारी हायेत."

तोवर शिपायांनी लेतूच्या झोपडीची झडती घेतली होती. कुडाला टांगलेल्या टोपलीत वाळलेली गेळफळं सापडली. हे जंगली फळ. कुटून डबक्यात टाकलं की मासे गुंगून वर येतात आणि हातानं धरता येतात. जंगलातल्या लोकांची ती जुनी रीत आहे. वैदू लोक तेच फळ ओकारीच्या औषधाला वापरतात, पण त्या दिवशी कोणाला औषध आठवलं नाही.

दौलतरावांच्या ओट्यावर जबान्या झाल्या. लेतूला खाली अंगणात उकिडवं बसवलं होतं.

"तुमच्यासंग याचं काय बोलनं झालं साहेब?" जमादारानं विचारलं.

"मासे मरतील म्हणाला होता."

"कधी?"

"कट करायच्या आधी."

"मंजे धमकी देल्ली."

जमादारानं लिहिलं, "सदर इसमाने मासे मारण्याची धमकी दिली होती." कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचला. धमकी हा शब्द माझा नव्हता, एवढं मला कळत होतं. पण मला पाच वाजता दुसऱ्या कामावर जायचं होतं, आणि मनातून पटलंही होतं की माणूस हाच. मी सही केली. लेतूनं मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण सही कशाला म्हणतात ते त्याला माहीत होतं. त्याला घेऊन गेले. संध्याकाळी दौलतरावांनी पोडावर निरोप पाठवला की कोलामांनी डोहाकडे, गावच्या झऱ्याकडे आणि बाजाराकडे फिरकायचं नाही.

शनिवारी मी कटची मापं घ्यायला गेलो. झालेलं काम मेजरमेंट बुकात चढवावं लागतं. आता डोहात खोलगट भागात पुरुषभर पाणी उरलं होतं, काळपट आणि बसकं. रपट्याच्या वरच्या बाजूला नाल्यात लहान लहान डबकी होती. त्यातल्या एका डबक्याजवळ एक बाई दोन मडकी घेऊन पाणी भरत होती. कोलाम असून ती इतक्या जवळ आली म्हणून मी हटकलं.

"कोण गं तू?"

"लेतूची बायको, सोमी," ती म्हणाली. "गावाचा झरा बंद केला आमाले. हे डबकं तर नाई ना केलं बंद?"

डबक्यात बोटाएवढे मासे इकडून तिकडे पळत होते. तिनं मला ते पाहताना पाहिलं.

"साहेब, एक विचारू? जहर मानूस कायले टाकते?"

"मासे धरायला."

"मंग धरले काहून नाई? कालपासून सडून राह्यले. खायाले मारतेत जी मासोई. सडवाले कोन मारते?"

मी म्हणालो, रागानं. राग आला की माणूस काहीही करतो.

"बरं. मंग मरळ पाह्यली काय मेलेली?"

मला मरळ ओळखता येत होती. लांब, सापासारख्या तोंडाचा मासा. मी डोहाच्या काठानं पूर्ण फेरी मारली. ती मागून येत होती. शेकडो मासे मेले होते, त्यात एकही मरळ नव्हती. मी बघत असतानाच डोहाच्या मध्यावर एक वर आली, तोंड पाण्याबाहेर काढून गेली.

"ते वरचा वारा पिते," सोमी म्हणाली. "म्हनून वाचली. जहर असतं तं तेबी मेली असती. पानी शियं हाये साहेब. वरचं ताजं सोडून देल्लं तुमी, खालचं शियं ठेवलं."

शिळं पाणी. एवढ्यावर कोलामाच्या बायकोचं ऐकून मी शुद्धीवर आलो असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला उलट वाटलं की ही नवऱ्याला वाचवायला बोलतेय. हिचं म्हणणं खोटं पाडावं, आणि तिच्यासमोरच पाडावं, या हट्टानं मी पुढचं केलं.

माझ्याजवळ औषधाची रिकामी बाटली होती. तिला दगड बांधला, बुचाला वेगळी सुतळी लावली आणि बाटली लेव्हलच्या पट्टीला बांधून डोहाच्या तळाशी सोडली. तिथे बूच ओढलं. वर आलं ते पाणी काळसर होतं आणि त्याला सडक्या अंड्याचा वास होता. पावसाळाभर वाहून आलेला सागाचा, पळसाचा पाला तळाशी कुजला होता. अशा दहा-बारा बाटल्या काढून मी सोमीचं एक मडकं अर्धं भरलं, हलकेच, भांड्याच्या कडेनं सोडत. मग वरच्या डबक्यातले तीन जिवंत मासे त्यात टाकले. ते वर आले, तोंडं उघडू-मिटू लागले आणि थोड्या वेळानं आडवे झाले.

"हे जहरानंही होईल," मी म्हणालो.

"होईन," ती म्हणाली. "मंग?"

मग काय, ते मलाही सुचेना. नाल्याकाठी मेलेले मासे घेऊन एक सरकारी माणूस बसलेला, आणि समोर ती बाई उत्तराची वाट बघत उभी. तेव्हा मला आई आठवली. घरात कोणी आजारी पडलं की ती पाणी उकळायची. उकळलेलं पाणी बेचव लागतं म्हणून या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतत राहायची. म्हणायची, पाण्यात वारा भरला की गोडी येते. मी ताडलं, विष असेल तर ओतून जाणार नाही. वाराच नसेल तर ओतून भरेल.

मी तेच पाणी या मडक्यातून त्या मडक्यात ओतत राहिलो. हात भरून आला तेव्हा सोमीनं मडकं घेतलं आणि ती ओतत राहिली. मग पुन्हा तीन मासे टाकले. आम्ही दोघं वाकून बघत होतो. ते खाली गेले, एक फेरी मारली आणि तिथेच फिरत राहिले. अर्धा तास झाला तरी फिरत होते.

आता सगळं सरळ दिसलं. स्थिर पाणी थरांनी राहतं. वरच्या थराला वारा लागतो, मासे त्यात जगतात. खालच्या थरातला वारा कुजणारा पाला खाऊन टाकतो. तोंड हळूहळू उघडलं तर वरचं पाणी जाता जाता खालचंही थोडं थोडं वर येतं, त्याला वारा लागतो, आणि माशांनाही नदीत निघून जायला वेळ मिळतो. मी एका दिवसात वरचं पाणी काढून दिलं आणि मासे तळच्या थरात कोंडले. दोन दिवसांत ते गुदमरले. विष कोणी टाकलं नव्हतं. खून झाला होता तो माझ्या आखणीप्रमाणे, खुंट्या ठोकून. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण ठाण्यातल्या कागदावर माझी सही होती.

संध्याकाळी डाक बंगल्यावर गेलो. डेप्युटी साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुम्ही हे लेखी देणार?"

"हो सर."

"देऊ नका. कट चुकला असं लिहिलंत, तर तो पास कोणी केला हे कोणीतरी विचारेल."

"पण तो माणूस ठाण्यात आहे, सर."

"विषाचा पुरावा मिळणार नाही. सुटेल तो."

"कधी?"

"दोन-चार महिन्यांत. आणि हे बघा, मासे हा आपला विषय नाही. आपला विषय रपटा."

त्यांनी मलाही चहा दिला. मी प्यायलो. वाटेत येताना मला त्यांचाही संशय आला, त्यांना हे आधीच माहीत होतं की काय. पण त्यांच्यावर संशय घेण्यात मला जी सोय होती ती मी ओळखली. खुंट्या त्यांनी ठोकल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी गोडेतेलाचे दोन रिकामे डबे घासून घेतले. एकात डोहाच्या तळाचं काळं पाणी भरलं, दुसऱ्यात तेच पाणी ओतून ओतून वारा भरलेलं. एका लोट्यात सहा जिवंत मासे घेतले. डबे सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी बांधले आणि गाडीवाटेनं ठाण्याला निघालो. वाट कसली, नुसते दगड आणि चाकोऱ्या. पोचेपर्यंत दुपार झाली.

जमादार अंगणात निंबाखाली खाटेवर बसला होता. मी डबे मांडले आणि त्याला समजावून सांगितलं. "आता बघा," म्हणून पहिल्या डब्यात तीन मासे टाकले. हे मरणार होते. दुसऱ्यात तीन टाकले. हे जगणार होते.

आम्ही बघत बसलो. दोन शिपाई येऊन उभे राहिले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. सहाच्या सहा मासे मजेत फिरत होते.

"कोनता मरनार होता साहेब?" जमादारानं विचारलं.

शिपाई हसले. मी पहिल्या डब्यात नाक घातलं. सडक्या अंड्याचा वास गेला होता. मग लक्षात आलं. त्या वाटेनं सायकलनं मला जेवढं घुसळलं होतं, तेवढंच पाण्यालाही घुसळलं होतं. मी काल मडक्यांत जे केलं, ते रस्त्यानं डब्यात करून ठेवलं होतं. मी हे सांगितलं, पण माझं मलाच ते चोराच्या बहाण्यासारखं ऐकू आलं.

जमादार मात्र हसला नाही. तो डब्याकडे बघत होता.

"हे डोहाचंच पानी ना?"

"डोहाच्या तळाचं."

"ज्याच्यात मासोया मेल्या, तेच?"

"तेच."

"मंग जहर सायकलीवरून उतरून गेलं काय?" तो शिपायांना म्हणाला. "कारे, तुमी हसून राह्यले. जहर असतं तं हे सहा जिते राह्यले असते काय?"

ज्या प्रयोगाच्या फजितीनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, त्यातच त्याला पुरावा दिसला. पोलीस लोकांना मी तोवर मूर्ख समजत आलो होतो. जमादारानं नवा कागद काढला.

"लिवून द्या. पन परवा तुमी धमकी म्हनले."

"धमकी तुम्ही म्हणालात. मी सही केली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बरोबर हाये," तो म्हणाला. "दोघायचंबी लिवा."

मी लिहिलं. डोहात विष नव्हतं. मासे माझ्या हुकमानं केलेल्या कटमुळे मेले. लेतू टेकाम यानं कट करायच्या आधी मला योग्य रीत सांगितली होती, ती मी ऐकली नाही. खाली सही केली. ही सही करायला पहिल्या सहीपेक्षा फार वेळ लागला. पुढे त्याबद्दल मला खात्याचा मेमो आला आणि माझी तिथून बदली झाली. तो भाग सोडा, त्याचं मला दुःख नाही.

ठाण्याचा साहेब दौऱ्यावर होता, त्यामुळे सुटका मंगळवारी झाली. मी सायकल हातात धरून लेतूबरोबर चालत निघालो. जंगल लागलं तेव्हा तो म्हणाला,

"मले इचारलं असतं साहेब."

"काय विचारायचं होतं?"

"काहून मरन म्हनून. तुमी आठ दिवस आयकले आनि हासले. काहून, ते इचारलंच नाई."

चूक झाली, असं मी म्हणालो. त्यानं मान हलवली. माफ केलं म्हणून हलवली की नुसतं ऐकलं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

पोडाजवळ आलो तर कुत्रं भुंकलं नाही. एकाही झोपडीतून धूर नव्हता. कुडाचे दरवाजे काढून नेले होते, चुली मोडल्या होत्या. जिथे वाईट घडलं तिथे राहायचं नाही, ही कोलामांची जुनी रीत. वस्तीच्या नाईकानं सगळ्यांना उठायला सांगितलं, हे मला मागून कळलं. झरा बंद, बाजार बंद, एक माणूस ठाण्यात. चार दिवसांत पोड उठला होता. मागे उतारावर त्यांची तूर फुलावर आली होती, तशीच सोडलेली. मी तुरीकडे बघत उभा राहिलो. माझ्या हातचं एक वाक्य आणि एक सही, त्यानं अख्खी वस्ती उठली होती. नवी सही दोन दिवस उशिरा आली होती.

एका मोहाच्या झाडाखाली सोमी एकटी बसली होती, शेजारी गाठोडं आणि दोन मडकी. लेतूला बघून ती उठली. दोघं आपसात कोलामीत थोडं बोलले. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, त्यानं मडकी घेतली.

"कुठे गेलेत सगळे?" मी विचारलं. "कुठे वसणार?"

लेतू थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जसा गिट्टीच्या ढिगाकडे पाहतो तसा तो मला पाहत होता.

"कायले पायजे साहेब?"

मला त्याला सांगायचं होतं की मी पाटलांना समजावीन, झरा मोकळा करून घेईन, तूर तरी कापायला या. पण तो उत्तराला थांबला नव्हता. दोघं ओढ्याच्या कडेनं उतरून झाडीत गेले. कुठे गेले ते मला कधी कळलं नाही, आणि त्यानं ते मला सांगितलं नाही यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

नोकरीत नवीन आलेल्या पोरांना मी पुढे एकच गोष्ट सांगत आलो. जबानी मागितली तर एक दिवस थांबा. मासे काय, मेलेलेच असतात, त्यांना घाई नसते.